पोथी, पुस्तक आणि संगणक प्रणाली : स्वामित्वहक्क कायद्याची वाटचाल व मराठी अंकीय मजकुराचे जतन
(विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

प्रस्तावना :

इ. स. १९८४ मध्ये भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन संगणक प्रणालीचा अंतर्भाव 'साहित्यकृती' या संज्ञेत करण्यात आला. कादंबरी, कोश आणि संकलन यांच्या पंक्तीला संगणकास दिलेल्या आज्ञा येऊन बसल्या. कायद्याचे अभ्यासक या घटनेकडे संरक्षणाचा विस्तार म्हणून पाहतात आणि ते योग्यच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक प्रश्न पडतो. जो कायदा पुस्तकासाठी घडला तो प्रणालीला लावताना पुस्तकाचे कोणते गुणधर्म प्रणालीत नव्हते आणि त्या उणिवेचा मराठी मजकुरावर काय परिणाम झाला ?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. प्रस्तुत लेखकाच्या एम.फिल.च्या लघुप्रबंधाची बांधलेली प्रत कपाटात सुस्थितीत आहे. पण त्याच लघुप्रबंधाची संगणकीय प्रत आज उघडली असता पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग दिसते. ज्या फाँटमध्ये तो मजकूर टंकित झाला होता तो आता संगणकावर नाही. मजकुरावरील हक्क लेखकाचा आहे, तो वाचण्याचे साधन मात्र लेखकाजवळ नाही. जिल्ह्यातील अनेक प्राध्यापक बंधुभगिनींना हा अनुभव अपरिचित नसावा. या अनुभवामागील कायद्याचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

उद्दिष्टे :

१) पोथी, मुद्रित पुस्तक आणि संगणक प्रणाली या तीन टप्प्यांतून स्वामित्वहक्काची कल्पना कशी बदलत गेली हे पाहणे.
२) मराठी फाँट व टंकलेखन प्रणालींच्या संदर्भात या कायद्याचा परिणाम तपासणे.
३) जुन्या अंकीय मजकुराच्या जतनासाठी प्रचलित कायद्यात कोणती वाट उपलब्ध आहे हे स्पष्ट करणे.

लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. पोथीची परंपरा : नक्कल हेच जतन

बीड जिल्ह्याला ग्रंथलेखनाची प्राचीन परंपरा लाभली आहे. परंपरेनुसार मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ शके १११० (इ. स. ११८८) मध्ये अंबाजोगाई येथे सिद्ध झाला. त्याच्या काळाविषयी व स्थळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु मुकुंदराजांची समाधी आणि त्यांची स्मृती अंबाजोगाईशी निगडित आहे. पुढे दासोपंतांनी (१५५१-१६१५) याच गावी विपुल ग्रंथरचना केली. त्यांची सुमारे चाळीस फूट लांबीची 'पासोडी' म्हणजे कापडावर लिहिलेले 'पंचीकरण' हे मराठीतील एक विलक्षण हस्तलिखित होय.

या काळात ग्रंथ टिकला तो नकलेमुळे. शिष्य पोथी उतरून घेत असे, ती दुसऱ्या मठात जाई, तेथे तिच्या आणखी प्रती होत. पोथी उतरणे हे पुण्यकर्म मानले जाई. नक्कल करण्यास मनाई नव्हती. बंधन होते ते पाठाच्या शुद्धतेचे. शेजारच्या पैठणात संत एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्या पाठात कोणी स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. आजच्या परिभाषेत बोलायचे तर प्रत काढण्याचा हक्क सर्वांना होता, कृतीची अखंडता मात्र राखली जाई. १९५७ च्या कायद्यातील कलम ५७ लेखकाला आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा जो विशेष अधिकार देते, त्याच्याशी ही भावना मिळतीजुळती आहे. अर्थात दोन्ही एक नव्हेत. पहिली धर्मभावना होती, दुसरा कायदेशीर हक्क आहे.

२. छापखाना आणि पहिले कायदे

छापखान्याने नकलेचा अर्थ बदलला. एका पोथीची नक्कल करण्यास महिने लागत, तर खिळे एकदा जुळविले की हजार प्रती निघत. नकलेत प्रथमच मोठा पैसा आला आणि त्यासोबत तंटेही आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखासाठी १८४७ चा विसावा कायदा करण्यात आला. त्याने लेखकाचा हक्क मान्य केला, पण दाद मागण्यासाठी पुस्तकाची नोंदणी आवश्यक ठरविली. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीची व्यवस्था घातली. या कायद्यामागे शासनाचा हेतू नियंत्रणाचा असला तरी त्यातून देशी भाषांतील पुस्तकांच्या याद्या तयार झाल्या व इतिहासाला एक मोठे साधन लाभले.

या काळातील मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल आजही उद्‌बोधक आहे. गंगाविष्णु श्रीकिसनदास विरुद्ध मोरेश्वर बापूजी हेगिष्टे या १८८९ च्या प्रकरणात 'व्रतराज' या प्रसिद्ध संस्कृत ग्रंथाच्या आवृत्तीचा वाद होता. वादीने पंडितांकडून मूळ ग्रंथाची फेरमांडणी करवून घेतली, अन्य ग्रंथांतील उतारे व तळटीपा जोडल्या आणि १८८४ मध्ये ती आवृत्ती प्रसिद्ध केली. प्रतिवादीने दोन वर्षांनी काढलेल्या आवृत्तीत तेच उतारे व त्याच टीपा आढळल्या. मूळ ग्रंथ सर्वांचा असला तरी संपादनात घातलेली विद्वत्ता व मांडणी संरक्षणास पात्र आहे, असे तत्त्व या निकालाने प्रस्थापित केले.

पुढे १९१४ च्या तिसऱ्या कायद्याने इंग्लंडचा १९११ चा कायदा काही बदलांसह येथे लागू केला. त्यातील एक बदल देशी भाषांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. प्रकाशनापासून दहा वर्षांत लेखकाने स्वतः अनुवाद प्रसिद्ध केला नाही किंवा करवला नाही, तर अनुवादाचा त्याचा एकाधिकार संपत असे. हक्कासोबत समाजाची ज्ञानाची गरजही तोलली पाहिजे, ही जाणीव वासाहतिक कायद्यातही अल्पांशाने होती.

हे सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात घडत होते. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानी मुलखाला आपोआप लागू होत नसत. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि मराठी पुस्तके मुख्यतः पुण्या-मुंबईच्या छापखान्यांतून येणारी, अशी स्थिती होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा २१ जानेवारी १९५८ पासून संपूर्ण देशात अमलात आला आणि बीडचा लेखक व मुंबईचा लेखक एका कायद्याच्या छत्राखाली आले.

३. १९५७ चा कायदा आणि जमा प्रतीची व्यवस्था

या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांपर्यंत संरक्षण दिले. १९९२ मध्ये ही मुदत साठ वर्षे करण्यात आली. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरील हक्काची मुदत संपत आली होती, हे त्याचे निमित्त होते. नोंदणीची सक्ती राहिली नाही. कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो.

या कायद्याच्या शेजारी दुसरा एक कायदा उभा होता, त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालये यांना विनामूल्य द्यावयाची असते. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक आहे. म्हणजे समाज प्रकाशकाला दीर्घ मुदतीचे संरक्षण देतो आणि त्याच्या बदल्यात एक प्रत जतनासाठी मागून घेतो. मुदत संपेल त्या दिवशी ते पुस्तक कोठेतरी शिल्लक असेल, याची ही हमी होती. शिवाय पुस्तक वाचण्यास पुस्तकाखेरीज दुसरे साधन लागत नाही.

जिल्ह्यातीलच एक उदाहरण घेता येईल. शासनाचे बीड ('भीर') जिल्हा गॅझेटिअर १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. शासकीय कृतीवरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. त्यानुसार या ग्रंथावरील शासनाचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. त्यानंतर तो सर्वांचा होईल आणि त्या वेळी त्याची छापील प्रत कोणालाही उघडून वाचता येईल, याविषयी शंका नाही. हेच विधान आपण १९९९ मध्ये टंकित केलेल्या एखाद्या संगणकीय मजकुराबद्दल करू शकतो काय ?

४. संगणक प्रणाली 'साहित्यकृती' ठरते

८ ऑक्टोबर १९८४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने चकती, फीत, छिद्रित माध्यम किंवा अन्य साधनांवर नोंदविलेल्या संगणक प्रणालींना साहित्यकृतीच्या व्याख्येत घेतले. अमेरिकेने १९८० मध्ये आपल्या कायद्यात अशी तरतूद केली होती. पुढे १९९५ पासून अमलात आलेल्या ट्रिप्स कराराच्या कलम १० ने हेच तत्त्व जगभर मान्य करविले. पेटंटचा मार्ग भारताने प्रणालींसाठी मोकळा ठेवला नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये संगणक प्रणाली ही निव्वळ प्रणाली म्हणून शोध मानली जात नाही, अशी तरतूद २००२ च्या दुरुस्तीने आली. त्यामुळे प्रणालीच्या संरक्षणाचा मुख्य भार स्वामित्वहक्क कायद्यावरच आहे.

१० मे १९९५ पासून अमलात आलेल्या १९९४ च्या दुरुस्तीने 'संगणक' व 'संगणक प्रणाली' यांच्या स्वतंत्र व्याख्या दिल्या आणि कलम ६३-ब घातले. अवैध प्रत आहे हे जाणून संगणकावर तिचा वापर करणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा ठरली. व्यापारी लाभासाठी वापर नसेल तर न्यायालय कारावास न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. येथे पुस्तक आणि प्रणाली यांतील फरक ठळक होतो. चोरून छापलेले पुस्तक वाचणे हा गुन्हा नाही. चोरून घेतलेली प्रणाली जाणीवपूर्वक वापरणे हा गुन्हा आहे.

१५ जानेवारी २००० पासून लागू झालेल्या १९९९ च्या दुरुस्तीने काही सवलती दिल्या. स्वतंत्रपणे निर्माण झालेली दुसरी प्रणाली मूळ प्रणालीशी जुळवून चालविण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळविणे, प्रणालीच्या कार्याचे निरीक्षण व अभ्यास करणे, आणि कायदेशीररीत्या मिळविलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, अव्यापारी उपयोगासाठी प्रत काढणे या गोष्टी हक्कभंग ठरत नाहीत. मात्र जुळवणीची सवलत प्रणाली कायदेशीररीत्या ताब्यात असणाऱ्यालाच आहे आणि ती माहिती अन्यत्र सहज उपलब्ध नसेल तरच आहे. या अटीचे महत्त्व पुढे दिसून येईल.

५. मराठी अक्षर आणि फाँटची प्रणाली

१९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) स्थापना झाली. भारतीय लिपींसाठी तेथे विकसित झालेली 'जिस्ट' व 'आयएसएम' ही साधने, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' आणि 'आकृती' या प्रणालींनी मराठी छपाईचा कायापालट केला. तालुक्याच्या गावातील छापखान्यांत खिळ्यांच्या केसेस बाजूला सरल्या आणि डीटीपी आले. मराठी अक्षरे संगणकावर आणण्यामागे मोठे संशोधन व गुंतवणूक होती. त्या श्रमांचे मोल मिळावे म्हणून कायद्याचे संरक्षण आवश्यकच होते.

अडचण वेगळीच होती. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले, परंतु डीटीपीच्या व्यवहारात प्रत्येक उत्पादकाने आपल्या फाँटमध्ये अक्षरांचे तुकडे वेगवेगळ्या सांकेतिक स्थानांवर बसविले. एका फाँटमध्ये ज्या स्थानी 'क' असेल त्या स्थानी दुसऱ्या फाँटमध्ये एखादी मात्रा असे. त्यामुळे मजकुराची फाइल प्रत्यक्षात मराठीत नसून त्या विशिष्ट फाँटच्या संकेतात साठविली जाई. खिळ्यांच्या काळात निर्णयसागरच्या टाइपात छापलेले पुस्तक वाचण्यासाठी वाचकाला तो टाइप विकत घ्यावा लागत नसे. डीटीपीच्या काळात मजकूर वाचण्यासाठी तोच फाँट जवळ असणे भाग पडले.

अक्षराच्या आकाराला आणि फाँटच्या प्रणालीला कायदा वेगवेगळ्या नजरेने पाहतो, हेही येथे नोंदविले पाहिजे. कॉपीराइट बोर्डाने २००२ मध्ये 'आनंदा एक्स्पांडेड इटॅलिक्स' प्रकरणात टंकाच्या रचनेची कलाकृती म्हणून नोंदणी नाकारली. तथापि फाँट चालविणारी प्रणाली ही आज्ञावली म्हणून साहित्यकृतीच्या कक्षेत येते. म्हणजे अक्षर सर्वांचे, ते पडद्यावर उमटविणारी आज्ञावली मात्र हक्काची, अशी ही विभागणी आहे.

या संदर्भात सुलेखनकार व कवी प्रा. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांचे कार्य उल्लेखनीय आहे. विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' हा युनिकोड फाँट त्यांच्या रेखाटनातून घडला आणि तो मायक्रोसॉफ्टच्या परवान्याखाली वितरित झाला. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात तयार झालेला 'रघु' हा फाँट मात्र जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली सर्वांना खुला करण्यात आला. एकाच कलावंताची अक्षरे दोन परवान्यांनी दोन वाटांनी समाजापर्यंत पोहोचली. खुला परवाना म्हणजे हक्काचा त्याग नव्हे. तो स्वामित्वहक्काच्याच आधारे दिलेली परवानगी असतो, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी ध्यानात घेतली जात नाही.

२००५ पासून केंद्र शासनाच्या वतीने भारतीय भाषांचे फाँट व साधने विनामूल्य वितरित होऊ लागली. २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक म्हणून स्वीकारले गेले. पुढील मजकुराचा प्रश्न त्यामुळे बव्हंशी सुटला. मागील मजकुराचा प्रश्न तसाच राहिला.

६. जिल्ह्यातील अंकीय मजकूर : नेमके काय धोक्यात आहे ?

सुमारे १९९० ते २०१० या वीस वर्षांत जिल्ह्यात जो मराठी मजकूर संगणकावर टंकित झाला त्याचे स्वरूप विविध आहे. स्थानिक दैनिकांची पाने, महाविद्यालयांची वार्षिके, साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांच्या आठवणी, ऊसतोड कामगारांविषयीचे लघुप्रबंध ही सारी उद्याच्या इतिहासकाराची साधने होत. यांतील पुष्कळ मजकुराच्या मोजक्याच छापील प्रती निघाल्या, काहींच्या तर बांधलेल्या दोन-चार प्रतीच असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची अंकीय प्रत देणे आवश्यक केले. परंतु जुन्या फाँटमधील प्रबंधाची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसली तरी तिच्यात शब्द शोधता येत नाही आणि तिच्यातून उतारा घेतला तर निरर्थक चिन्हे हाती येतात.

येथे कायद्यातील विसंगती स्पष्ट होते. या मजकुरावरील लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकणार आहे. तो मजकूर दाखविणारी प्रणाली मात्र दहा-पंधरा वर्षांत बाजारातून जाते. नव्या संगणकावर ती चालत नाही. काही प्रणाली तर संगणकाला जोडावयाच्या कुलपासह, म्हणजे डोंगलसह मिळत. ते कुलूप बिघडले की वैध परवाना असूनही प्रणाली बंद पडते. पुस्तकाला जमा प्रतीची व्यवस्था आहे. १९५४ चा कायदा मात्र छापील पुस्तके व नियतकालिके यांच्यापुरता आहे; प्रणालींना किंवा केवळ अंकीय स्वरूपातील मजकुराला तो लागू नाही. कायद्याने प्रणालीला पुस्तकाचा हक्क दिला, पुस्तकाचे कर्तव्य मात्र दिले नाही.

दोष केवळ कायद्याचा आहे असेही नाही. परवान्याची किंमत परवडत नाही म्हणून अनेक ठिकाणी, शैक्षणिक संस्थांतही, प्रणालींच्या अनधिकृत प्रती वापरल्या गेल्या हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्या वेळी ते निरुपद्रवी वाटले. परंतु वर उल्लेखिलेली जुळवणीची सवलत कायदेशीर ताबा असणाऱ्यालाच आहे. जो परवाना आपण घेतला नाही, त्यासोबत येणारा अधिकारही आपण गमावला. प्रणालीची चोरी करून निर्माता दुबळा झाला आणि वापरणाराही असुरक्षित राहिला.

७. जतनाची कायदेशीर वाट

२१ जून २०१२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने कलम ६५-अ द्वारे तांत्रिक कुलपांना संरक्षण दिले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी केलेली कृती या कलमातून वगळली आहे. याच दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याजवळ अंकीय नसलेली प्रत असेल तर जतनासाठी त्या कृतीची अंकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली. 'सार्वजनिक ग्रंथालय' या संज्ञेची व्याख्या कायद्यात नाही. त्यामुळे महाविद्यालयीन ग्रंथालयांनी लेखकाची लेखी अनुमती घेऊन ठेवणे हाच निर्धोक मार्ग होय.

जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करताना दोन हक्कांची गल्लत होऊ देता कामा नये. मजकुरावरील हक्क लेखकाचा. फाँटच्या प्रणालीवरील हक्क उत्पादकाचा. लेखकाने आपला स्वतःचा मजकूर दुसऱ्या संकेतात नेल्याने उत्पादकाच्या प्रणालीची नक्कल होत नाही. मजकूर दुसऱ्याचा असेल तर मात्र त्याची अनुमती हवी.

प्राचीन ग्रंथांच्या बाबतीत १८८९ चा निकाल पुन्हा उपयोगी पडतो. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २००७ रोजी ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात, न्यायनिर्णयांच्या सीडीसंबंधी, असाच प्रश्न हाताळला. न्यायालयाचे मूळ निर्णय सर्वांसाठी खुले आहेत. केवळ श्रम व भांडवल खर्चून केलेल्या किरकोळ मजकूर-दुरुस्तीने नवा हक्क निर्माण होत नाही. परिच्छेदांची विचारपूर्वक केलेली विभागणी आणि संपादकीय टिपणे मात्र संरक्षणास पात्र आहेत. हे तत्त्व लावल्यास 'विवेकसिंधु'ची संहिता जशीच्या तशी टंकित करणारा तिचा स्वामी होत नाही. तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या संपादकाचे प्रस्तावना व टीपा यांवरील हक्क मात्र अबाधित राहतात.

निष्कर्ष :

१) पोथीच्या काळात नक्कल हेच जतनाचे साधन होते. मुद्रणाच्या काळात नकलेवर बंधन आले, पण जमा प्रतीने जतनाची सोय केली. संगणकाच्या काळात बंधन कायम राहिले आणि अनिवार्य जतनाची सोय मात्र झाली नाही.

२) संगणक प्रणालीला साहित्यकृती मानणे न्याय्य असले, तरी प्रणालीवाचून न वाचता येणाऱ्या मजकुराचा विचार त्यात झाला नाही. मराठीसारख्या भाषेला त्याची झळ अधिक बसली.

३) १९९९ व २०१२ च्या दुरुस्त्यांतील सवलती उपयुक्त आहेत, त्यांचा लाभ वैध परवाना व लेखी अनुमती यांची शिस्त पाळणाऱ्यालाच निर्वेधपणे घेता येतो.

४) जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाने आपली वार्षिके, लघुप्रबंध व स्मरणिका यांच्या जुन्या फाइलींची यादी करावी, लेखकांची अनुमती घ्यावी आणि जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी तो मजकूर युनिकोडमध्ये आणावा. छापील प्रत जपावीच. ती पडताळणीसाठी लागणार आहे.

दासोपंतांची पासोडी चार शतकांनंतरही वाचता येते, कारण ती वाचण्यासाठी डोळे आणि लिपीचे ज्ञान पुरेसे आहे. वीस वर्षांपूर्वीच्या आपल्या लेखनाबद्दल हे म्हणता येत नसेल, तर कायद्याच्या दुरुस्तीची वाट न पाहता आपल्या कपाटापासून व आपल्या संगणकापासून प्रारंभ करणे हे अध्यापक म्हणून आपले कर्तव्य ठरते.